साडेअकराचा फोन

(प्रकरण अभ्यास. कुटुंबाच्या संमतीने लिहिला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कळव्याच्या एक काकू ऑगस्ट २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आल्या, त्या झोप लागत नाही म्हणून. वय ६१. रक्तदाबाची गोळी वाढवूनही आकडा खाली येत नव्हता, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी ‘एकदा बोलून बघा’ म्हणून माझा पत्ता दिला होता. मी नौपाड्यात समुपदेशनाचं काम करते. पहिली दहा मिनिटं त्या पित्त, गुडघे आणि इमारतीची बंद लिफ्ट यांवर बोलल्या. मग पर्समधून मोबाइल काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, हा आता साडेअकराला वाजत नाही.”

त्यांची मुलगी डब्लिनमध्ये नर्स आहे. वय ३१, सोबत नवरा आणि पाच वर्षांची मुलगी. उन्हाळ्यात डब्लिनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. आठच्या ड्यूटीसाठी ती सकाळी सातला लुआस ट्राम धरते, तेव्हा कळव्यात साडेअकरा झालेले असतात. काकूंचा कुकर उतरलेला असतो आणि मासळी साफ करून ठेवलेली असते. ड्यूटीच्या प्रत्येक दिवशी, चार वर्षं, स्टॉपवर पोचल्यापासून उतरेपर्यंत ती आईशी बोलायची. विषय काही मोठे नसत. नातीने डबा परत आणला, वॉर्डातल्या आजी रात्रभर कुणाला तरी हाका मारत होत्या, शेजारच्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, असंच. जूनपासून तो फोन बंद झाला. त्याच्या जागी रात्री एक मेसेज यायचा: ‘पोचले. झोपते. उद्या बोलू.’

काकूंना वाटत होतं, लेक आपल्यावर रागावली आहे.

आयर्लंडच का

हे विचारलं तेव्हा काकू पहिल्यांदा हसल्या. त्यांचं माहेर मालवण तालुक्यातलं, वराडपासून जवळ. लिओ वराडकरांचे वडील डॉ. अशोक वराडकर त्या गावचे. लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि २०१९च्या डिसेंबरअखेर कुटुंबासह वराडला येऊन गेले. काकूंचा भाऊ तेव्हा गावी होता. गर्दीत मागे उभं राहून त्याने काढलेला फोटो अजून काकूंच्या मोबाइलमध्ये आहे, त्यात माणसांची डोकीच जास्त दिसतात. मुलीने नवी मुंबईत नर्सिंग करून काही वर्षं खासगी हॉस्पिटलात काढली होती. परदेशाचा विषय निघाला तेव्हा आखाती देश आणि इंग्लंड हेही पर्याय होते. काकू म्हणाल्या, “ज्या देशाने आपल्या वराडच्या पोराला पंतप्रधान केला, तो माझ्या पोरीला परकी कशी म्हणेल?” इंग्रजीच्या परीक्षेची फी आणि पुढचा खर्च याच भावाने उचलला. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झालेल्या काकांकडे तेवढी शिल्लक नव्हती.

मुलगी २०२१ मध्ये गेली. तिथल्या नर्सिंग मंडळाची नोंदणी, सहा आठवड्यांचं ॲडॅप्टेशन, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात देखरेखीखाली काम, मग क्रिटिकल स्किल्सचं, म्हणजे टंचाई असलेल्या कामांसाठीचं परमिट. दोन वर्षांनी स्टॅम्प फोर मिळाला, म्हणजे आता नोकरीसाठी परमिट लागत नाही. पाच वर्षांचा वास्तव्याचा हिशेब पूर्ण झाला की २०२६ मध्ये नागरिकत्वाचा अर्ज करता येणार होता. पुढे जे काही झालं त्या सगळ्यावर या तारखेची सावली आहे.

तिथे काय बदललं, हे थोडक्यात सांगते. २३ नोव्हेंबर २०२३ला डब्लिनच्या पार्नेल स्क्वेअरमध्ये शाळेबाहेर लहान मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर परदेशी असल्याची बातमी मोबाइलवरून पसरली आणि रात्री शहराच्या मध्यभागी बसगाड्या आणि एक लुआस ट्राम जाळली गेली. त्या हल्लेखोराला हेल्मेटने हाणून रोखणारा माणूस ब्राझीलहून आलेला डिलिव्हरीवाला होता, हेही त्याच दिवशीचं सत्य. तेव्हा पंतप्रधान वराडकरच होते. दंगलखोरांनी देशाला लाज आणली, असं ते म्हणाले. मुलीने आईला सांगितलं, “ते शहराच्या मध्यात झालं, आमच्याकडे नाही.”

रागाला कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. २००८च्या मंदीनंतर तिथली घरबांधणी जवळजवळ थांबली, ती वेळेवर सावरली नाही. भाडी अशी चढली की तिथल्याच तिशीतल्या मुलांना आईबापाच्या घरात राहावं लागतं. २०२२च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ५१ लाख होती आणि त्यात भारतीय नागरिक ४५ हजारांवर. एवढ्या लहान देशात वेगळा चेहरा लगेच दिसतो. जो दिसतो त्याच्यावर घराचा, दवाखान्यातल्या रांगेचा, सगळ्याचा राग काढणं सोपं असतं. ‘आयर्लंड भरला’ असे फलक घेऊन मोर्चे निघू लागले. २०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनच्या अनेक वस्त्यांत दिव्यांच्या खांबांवर तिरंगी आयरिश झेंडे लागले. मुलगी मला नंतर म्हणाली, “मॅडम, मॅच असायची तेव्हा मीच मुलीच्या गालावर तो झेंडा काढायचे. आता तोच दिसला की पोटात गोळा येतो. कुणाच्या झेंड्याची भीती वाटावी, याची मलाच लाज वाटते.”

माझा चुकलेला अंदाज

पहिल्या भेटीत मी घाई केली. काकूंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तो टॅलाचा. १९ जुलै २०२५ला डब्लिनच्या टॅला उपनगरात नुकत्याच आलेल्या एका भारतीय माणसाला टोळक्याने मारून अर्धनग्न केलं होतं. त्याच्यावर लहान मुलांबाबत घाणेरडा आरोप पसरवला गेला, तो पोलिसांनी निराधार ठरवला. मुलगी त्याच बाजूच्या उपनगरात राहते. काकूंनी तो व्हिडिओ रात्री पांघरुणात पुन्हा पुन्हा पाहिला होता. १ ऑगस्टला डब्लिनच्या भारतीय दूतावासाने सूचना काढली: काळजी घ्या, निर्मनुष्य जागा टाळा, विशेषतः अवेळी. ४ ऑगस्टला वॉटरफर्डमध्ये घराबाहेर खेळणाऱ्या सहा वर्षांच्या भारतीय वंशाच्या मुलीला मोठ्या मुलांनी मारलं.

मी हिशेब मांडला: टॅलाच्या हल्ल्यानंतर मुलगी घाबरली, म्हणून फोन बंद, म्हणून आई बेजार. व्हिडिओ पाहू नका, श्वासाचे व्यायाम करा, असं सांगून मी त्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या भेटीत सहज म्हणून कॉलची यादी उघडायला सांगितली. सकाळचा शेवटचा फोन होता १७ जूनचा, मंगळवारचा. म्हणजे टॅलाच्या महिनाभर आधीचा. माझा सगळा हिशेब तिथेच कोसळला. मी विचारलं, “त्या दिवशी काय बोलत होतात?”

काकूंना शब्दन् शब्द पाठ होता. बांगड्याच्या तिखल्याची कृती सांगत होत्या. “तिरफळं ठेच नि शेवटाक घाल, असं मी सांगितलं. ती म्हणाली, तिरफळं किती, सात-आठ? मग मध्येच कसलातरी गलका. मग म्हणाली, आई, ट्राम आली, ठेवते.” त्या थांबल्या. “पण ट्राम आली नव्हती, ताई. रोज ऐकते मी, ट्राम आली की घंटी वाजते. त्या दिवशी घंटी वाजलीच नाही.”

दोन महिने हे त्या एकट्याच वागवत होत्या. लेक आपल्याशी खोटं बोलली, एवढाच अर्थ त्यांना लागला होता.

मुलीचं म्हणणं

काकूंच्या परवानगीने मी मुलीला मेसेज केला. ती तयार झाली, पण आईसमोर नको म्हणाली. पहिलं बोलणं आमच्या दोघींतच झालं, तिच्या सुट्टीच्या दिवशी. ती स्वयंपाकघरात बसली होती आणि खिडकीचा पडदा ओढलेला होता. तिथे दुपारचे दोन वाजले होते.

स्टॉपवर चौदा-पंधरा वर्षांची चार मुलं होती. त्यातला एक अगदी तोंडाशी आला आणि तिच्या बोलण्याची नक्कल करू लागला. ‘तिरफळं’ हा शब्द त्याने पाच-सहा वेळा वेडावाकडा करून म्हटला, बाकीचे हसले. मग त्याने तिच्या एका कानातला इअरबड खेचून रुळांवर फेकला आणि म्हणाला, इंग्रजी बोल, नाहीतर तुझ्या घरी जा. स्टॉपवर आणखी दहा-बारा माणसं होती. सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. फलकावर ट्रामला चार मिनिटं दाखवत होती. “ती चार मिनिटं मी उभी राहिले, मॅडम. मारलं कुणीच नाही. म्हणून सांगायचं तरी काय?”

तिने नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला पोरं आहेत, दुर्लक्ष कर. दोन मराठी मैत्रिणींना सांगितलं, त्याही म्हणाल्या दुर्लक्ष कर, आपल्याला अजून पासपोर्ट घ्यायचाय. मग तिने खरोखरच दुर्लक्ष केलं, म्हणजे ट्राममध्ये मराठी बोलणं सोडलं. मुलीला बागेत हाक मारताना ‘बाळा’ म्हणणं सोडलं. दुकानात नवरा मराठीत बोलला की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. हे सगळं तिने ठरवून केलं नव्हतं. मी विचारत गेले, तसतसं एकेक तिच्या लक्षात येत गेलं.

मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. बातमी होते ती रक्त सांडल्यावर. त्याच्या कितीतरी आधी माणसाचा आवाज खाली आलेला असतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. जवळची माणसं मायेने ‘दुर्लक्ष कर’ म्हणतात, तेव्हा तो आवाज आणखी खाली जातो. दूतावासाची सूचना काळजीपोटीच होती. पण बारा तासांची ड्यूटी करून रात्री साडेआठला उतरणाऱ्या नर्सला ‘अवेळ टाळा’ म्हणून कसं चालेल? तिची वेळच ती आहे.

मी विचारलं, “आईशी का बोलली नाहीस?” ती बराच वेळ गप्प होती. मग तिने जे सांगितलं, त्याचा आयर्लंडशी काही संबंध नव्हता.

जूनच्या अखेरीला मीरा रोडला एका दुकानदाराला मराठी न बोलण्यावरून मारहाण झाली. कानाखाली मारतानाचा व्हिडिओ जुलैच्या सुरुवातीला सगळीकडे फिरला. मामाने, म्हणजे काकूंच्या त्याच भावाने, तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘बरी अद्दल घडली’. सात-आठ जणांनी अंगठे दिले. त्यात आईचाही एक होता. मुलीने काहीतरी लिहिलं, पुसलं आणि ग्रुप सोडला. घरात सगळ्यांनी ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढंच पाहिलं. “मी लिहिलं होतं, मामा, पंधरा दिवसांपूर्वी मला पण असंच झालं. पण मग वाटलं, आईने अंगठा दिलाय. हिला कशी सांगू?”

मग तिने इस्त्रीवाल्याची गोष्ट सांगितली. ती लहान असताना त्यांच्या इमारतीखाली, जिन्याच्या बाजूला, बिहारचा एक इस्त्रीवाला होता. दुपारी गावी बायकोला फोन करायचा तो इतक्या मोठ्याने की तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचं. २००८च्या ऑक्टोबरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबई आणि आसपास मार बसला, तेव्हा ही चौदा वर्षांची होती. त्यानंतर तो माणूस कपड्यांच्या गठ्ठ्याआड खाली बसून, तोंडावर हात धरून बोलायला लागला. “आम्ही मुलं त्याची नक्कल करायचो, मॅडम. तोंडावर हात धरून. मला तेव्हा हसू यायचं.” एवढं बोलून ती रडली. स्टॉपवरचा प्रसंग सांगताना ती रडली नव्हती.

इथे मला माझी बाजू स्पष्ट करायला हवी. मराठीचा आग्रह मी सोडलेला नाही आणि सोडणार नाही. ठाण्यातल्या बँकेत, दुकानात मी मराठीतच सुरुवात करते. महाराष्ट्राचा कारभार मराठीत चालावा म्हणून भांडावं लागतं, आणि ते भांडण मला न्याय्य वाटतं. मामांचा मुलगा तीन वर्षं भरतीच्या परीक्षा देतोय, त्यांची तळमळही मी समजू शकते. पण पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसाच्या अंगावर जाणं हे भाषेवरचं प्रेम असं मला म्हणता येत नाही. मायलेकींच्या मधे नेमकं हेच येऊन बसलं होतं. ते बाजूला ठेवून नुसते श्वासाचे व्यायाम देणं म्हणजे काकूंची फसवणूक झाली असती.

काय केलं

तिसऱ्या भेटीत, मुलीच्या संमतीने, काकूंना १७ जूनचा प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, “म्हणजे माझी तिरफळं…” आणि पदराने डोळे पुसत बसल्या. आपल्यामुळे झालं, हा त्यांचा पहिला विचार. तो दूर व्हायला दोन भेटी गेल्या. अंगठ्याचं विचारलं, तर त्यांना तो दिल्याचं आठवतही नव्हतं. भावाने काही टाकलं की त्या अंगठा देतात, एवढंच.

२७ ऑगस्टला गणपती आले. कळव्याच्या घरी दीड दिवसाचा असतो, सगळे जमतात. काकूंनी स्वतः ठरवलं की मुलीला व्हिडिओवर घ्यायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं. मी थोडी धास्तावले होते. घरच्या गर्दीत असं बोलणं फिसकटतं, हा माझा अनुभव. पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं. मुलीने प्रसंग सांगितला. आत्या म्हणाली, जाऊ दे गं. मुलीचा भाऊ घोडबंदरला राहतो, तो म्हणाला, परत ये, इथे काय कमी आहे. मामा म्हणाले, “तिकडची पोरं माजलीत. आणि ते वेगळं, हे वेगळं. आपण आपल्या घरात आहोत.” मुलगी म्हणाली, “मामा, तो मुलगाही तेच म्हणत होता.” मामा उठून गॅलरीत गेले. आरतीला आले, पण जेवले नाहीत. अजूनही त्या दोघांचं नीट बोलणं नाही. व्हिडिओ मात्र त्यांनी ग्रुपवर पुन्हा टाकलेले नाहीत.

मुलीच्या बाजूने दोन गोष्टी कामी आल्या. तक्रार ही पहिली. द्वेषातून केलेल्या गुन्ह्याला जास्त शिक्षा देणारा कायदा आयर्लंडमध्ये २०२४च्या ३१ डिसेंबरपासून लागू आहे, हे तिला माहीतच नव्हतं. अशी तक्रार तिथे ऑनलाइनही करता येते. ‘मारलं नाही, मग काय लिहू’ इथे ती अडली होती. आम्ही दोघींनी मिळून मजकूर लिहिला, अर्धं पानसुद्धा नव्हता. कानातली वस्तू खेचून फेकली, भाषेवरून नक्कल केली, देश सोडून जा म्हटलं, तारीख, वेळ, स्टॉप. एवढे दिवस उलटल्यावर मुलं सापडली नाहीत. ती सापडतील अशी तिचीही अपेक्षा नव्हती. पण नोंद झाल्याची पोच आली, तो क्रमांक तिने आईला पाठवला. काकूंनी तो देवघराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या वॉर्डातली आयरिश सिनियर नर्स, साठीला आलेली. मुलीने एकदा चहाच्या वेळी तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, माझी मावशी बर्मिंगहॅमला नर्स होती. १९७४ साली तिथल्या पबमध्ये स्फोट झाले, त्यानंतर मावशीने बसमध्ये तोंड उघडणं बंद केलं, उच्चारावरून आयरिश म्हणून ओळखतील या भीतीने. दुसऱ्या दिवसापासून ती बाई दोन स्टॉप आधी चढून हिच्याबरोबर यायला लागली. ‘लक्ष देऊ नकोस’ असं ती एकदाही म्हणाली नाही.

नागरिकत्वाचा प्रश्न मात्र सुटला नाही. ‘पासपोर्ट आला की सगळं ठीक’ हा कुटुंबाचा आधार होता. वॉटरफर्डच्या घटनेने तो डळमळला. त्या मुलीची आईही नर्सच, आणि नुकतीच आयरिश नागरिक झालेली. अर्जाच्या आधीचं वर्ष सलग तिथे काढावं लागतं, त्यामुळे ‘सहा महिने येऊन राहते’ हा मधला मार्ग परवडणारा नाही. जावयांचं मत थांबायचं आहे. मुलगी एका आठवड्यात थांबू म्हणते, दुसऱ्या आठवड्यात नवी मुंबईतल्या हॉस्पिटलांच्या जाहिराती बघते. मी यात मत दिलेलं नाही.

ऑक्टोबरात, दिवाळीच्याच आठवड्यात, पुन्हा ठिणगी पडली. एका लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या आरोपानंतर डब्लिनच्या सिटीवेस्टमध्ये आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांच्या निवासाबाहेर मोठा जमाव जमला, पोलिसांची गाडी जाळली गेली. मुलगी लुआसच्या ज्या रेड लाइनने जाते, त्याच मार्गावर सिटीवेस्ट आहे. काकूंचा रक्तदाब पुन्हा वर गेला. मुलीने चार दिवस नवऱ्याला गाडीने सोडायला लावलं. यावेळी फरक एवढाच की तिने हे आईला त्याच दिवशी सांगितलं, आणि काकूंनी ‘दुर्लक्ष कर’ म्हटलं नाही. “काय वाटता गो तुका, सांग,” एवढंच म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे गेलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी साडेबाराला काकूंचा फोन वाजला, तेव्हा त्या जेवायला बसल्या होत्या. मुलगी ट्राममध्ये होती, शेजारी ती आयरिश नर्स. आवाज हळू होता, पण मराठीत होता. मागे स्टॉपची घोषणा झाली. काकूंनी विचारलं, “ही कसली गं भाषा? इंग्रजी नाही वाटत.” मुलगी म्हणाली, “त्यांची भाषा आहे, आई. आयरिश. इंग्रजीबरोबर तीही असते.” त्या नर्सला स्वतःला ती भाषा शाळेपुरतीच येते, घरात कधीच बोलली गेली नाही, हेही मुलीने सांगितलं. काकूंना त्याचं फार वाईट वाटलं. मला सांगताना त्या दोनदा म्हणाल्या, “बाई एवढी चांगली, आणि तिला तिची भाषा नाही.”

आता फोन ड्यूटीच्या दिवसांपैकी दोन-तीन दिवसच येतो. परतीच्या ट्राममध्ये, अंधार पडल्यावर, ती अजून मराठी बोलत नाही. काकूंची गोळी पूर्वीच्या मात्रेवर आली आहे. डिसेंबरात गावाहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर त्या तिरफळं मागवणार आहेत. डब्लिनला पार्सलने पाठवता येतील का, हे त्यांनी मला विचारलं, आणि मी चौकशी करून सांगते म्हटलं आहे.